फिलिपीन्समधील अमेरिकन राजवट
(१८९८–१९४६). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी स्पेनकडून मिळविलेल्या फिलिपीन्स बेटांवर सु. ४८ वर्षे चालविलेली वसाहती सत्ता. शासनाचा न्याय्य अधिकार शासितांच्या संमतीतून उत्पन्न होतो, हे तत्त्व १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात उद्‌घोषित करून हे राष्ट्र जन्मास आले होते. त्याच राष्ट्राने सव्वाशे वर्षांच्या आत दुसऱ्या एका लोकसमूहावर त्याच्या संमतीवाचून, युद्ध करून राज्य प्रस्थापित केले. त्यामुळे घोषित तत्त्वे व सत्तेचा व्यवहार यांतील संबंधाचे उदाहरण म्हणून आधुनिक इतिहासात या राजवटीला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्यूबातील स्वातंत्र्यलढा स्पेनने निष्ठुरपणे दडपण्यास प्रारंभ केला. ग्रामीण जनतेला सक्तीने छावण्यांत कोंडण्याच्या स्पॅनिश सेनानी व्हालेऱ्यानो वेलर याच्या धोरणामुळे अमेरिकेत लोकमत प्रक्षुब्ध झाले. एप्रिल १८९८ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा काँग्रेसने टेलर दुरुस्ती संमत करून क्यूबावर सत्ता गाजविण्याचा आपला हेतू नसल्याचे जाहीर केले. फिलिपीन्सबाबत मात्र असे कोणतेही वचन दिलेले नव्हते.

१ मे १८९८ रोजी कमोडोर जॉर्ज ड्यूई याने मॅनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमाराचा पराभव केला. हाँगकाँगमध्ये निर्वासित असलेला फिलिपिनो क्रांतिकारकांचा नेता एमील्यो आगीनाल्दो हा त्याच महिन्यात अमेरिकन जहाजातून स्वदेशी परतला. त्याच्या सैन्याने लूझॉन बेटाचा बराच भाग मुक्त केला आणि १२ जून १८९८ रोजी काव्हीते प्रांतातील कावित येथे फिलिपीन्सच्या स्वातंत्र्याची घोषणा करण्यात आली. परंतु १३ ऑगस्ट रोजी स्पॅनिश सैन्याने पूर्वसंकेतानुसार लुटुपुटूची लढाई करून मॅनिला शहर अमेरिकनांच्या स्वाधीन केले, त्या वेळी फिलिपिनो सैनिकांना शहराबाहेरच रोखून धरण्यात आले. पॅरिस येथील तहाच्या वाटाघाटींतही फिलिपिनो प्रतिनिधी फेलीपे आगोन्सीयो यास स्थान मिळाले नाही. १० डिसेंबर १८९८ च्या या तहान्वये स्पेनने ही बेटे अमेरिकेच्या हवाली केली व अमेरिकेने स्पेनला दोन कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली याने २१ डिसेंबर १८९८ रोजी काढलेल्या घोषणेत अमेरिका आक्रमक म्हणून नव्हे, तर मित्र म्हणून येत असल्याचे व फिलिपिनो जनतेला उदार भावनेने सामावून घेणे हे आपले ध्येय असल्याचे नमूद केले. मात्र याच घोषणेत सर्व बेटांवर अमेरिकेचे सार्वभौमत्व स्थापण्याचा आदेशही होता. त्याची प्रतिक्रिया ओळखून मॅनिला येथील लष्करी प्रशासक जनरल एल्वेल ओटिस याने सार्वभौमत्वाचे उल्लेख सौम्य करून किंवा गाळून जानेवारी १८९९ मध्ये घोषणा प्रसिद्ध केली. तथापि ईलोईलो येथील दुसऱ्या अधिकाऱ्याने मूळ मसुदा आधीच जाहीर केला होता. त्यामुळे दोहोंतील तफावत उघडकीस येऊन फिलिपिनो नेत्यांचा अविश्वास दृढ झाला. २३ जानेवारी रोजी मालोलोस येथे प्रजासत्ताकाची विधिवत स्थापना झाली. ४ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री मॅनिलाच्या सीमेवर अमेरिकन पहारेकऱ्याने गोळी झाडली आणि युद्धास तोंड लागले. दोनच दिवसांनी सीनेटने पॅरिसचा तह ५७ विरुद्ध २७ मतांनी, म्हणजे आवश्यक दोनतृतीयांश बहुमतापेक्षा केवळ एका अधिक मताने, संमत केला. स्थिर शासन स्थापन होताच फिलिपीन्सला स्वातंत्र्य द्यावे, अशा आशयाच्या बेकन ठरावावर त्यानंतर समसमान मते पडली आणि उपराष्ट्राध्यक्षाच्या निर्णायक मताने तो फेटाळला गेला.

युद्ध व दडपशाही : समोरासमोरच्या लढायांत टिकाव लागत नाही असे दिसून आल्यावर फिलिपिनो सैन्याने १८९९ च्या अखेरीस गनिमी काव्याचा अवलंब केला. मार्च १९०१ मध्ये आगीनाल्दो पकडला गेला, तरी प्रतिकार थांबला नाही. २८ सप्टेंबर १९०१ रोजी सामार बेटावरील बालांगीगा येथे गावकऱ्यांनी केलेल्या अचानक हल्ल्यात ४८ अमेरिकन सैनिक मारले गेले. त्याचा सूड म्हणून जनरल जेकब स्मिथ याने शस्त्र धरू शकणाऱ्या सर्वांना ठार करण्याचा व बेट उजाड करण्याचा हुकूम दिला. वयोमर्यादा विचारली असता त्याने ती दहा वर्षे सांगितली. लष्करी न्यायालयाने त्यास दोषी ठरविले, परंतु शिक्षा केवळ समज देण्याची झाली. पुढे राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट याने त्यास सेवानिवृत्त केले. बातांगास प्रांतात जनरल फ्रँक्लिन बेल याने खेड्यांतील लोकांना ठरावीक क्षेत्रांत आणून कोंडले व बाहेरील धान्यसाठे नष्ट केले. ज्या धोरणासाठी अमेरिकेने क्यूबात स्पेनला दोषी ठरविले होते, तेच धोरण तीन वर्षांनी तिच्याच सैन्याने अंगीकारले. कैद्यांच्या पोटात बळजबरीने पाणी भरून माहिती काढण्याच्या छळप्रकाराविषयीच्या साक्षी १९०२ मध्ये सीनेटच्या समितीपुढे नोंदविल्या गेल्या.

४ जुलै १९०२ रोजी रूझवेल्टने युद्ध संपल्याचे जाहीर केले, तथापि दक्षिणेकडील मुस्लिम मोरो प्रदेशातील संघर्ष १९१३ पर्यंत चालू राहिला. युद्धात ४,२०० हून अधिक अमेरिकन व २०,००० हून अधिक फिलिपिनो सैनिक मृत्युमुखी पडले. हिंसाचार, दुष्काळ व रोगराई यांमुळे मरण पावलेल्या नागरिकांची संख्या दोन लाखांपर्यंत असावी, असा अंदाज केला जातो.

अमेरिकेतील विरोध : या धोरणास पहिला संघटित विरोध अमेरिकेतच झाला. १८९८ मध्ये बॉस्टन येथे स्थापन झालेल्या साम्राज्यवादविरोधी संघात उद्योगपती अँड्रू कार्नेगी, लेखक मार्क ट्वेन, तत्त्वज्ञ विल्यम जेम्स व समाजसेविका जेन अ‍ॅडम्स यांसारख्या व्यक्ती होत्या. १७७६ च्या जाहीरनाम्याशी ही सत्ता विसंगत आहे, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. मात्र विरोधकांतील सर्वांची भूमिका उदात्त नव्हती. दक्षिणेकडील काही सीनेटर इतर वंशांच्या लोकांना संघराज्यात स्थान मिळेल, या भीतीने तहाविरुद्ध होते. समर्थकांनीही तत्त्वांचाच आधार घेतला. स्वराज्यास अपात्र असलेल्यांना पात्र बनविणे हे कर्तव्यच होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९०० च्या अध्यक्षीय निवडणुकीत वसाहतींचा प्रश्न पुढे करणाऱ्या विल्यम जेनिंग्ज ब्रायनचा पराभव झाल्यानंतर या चळवळीचा प्रभाव ओसरला.

संविधान व प्रशासन : नव्या प्रदेशांना अमेरिकन संविधानातील हक्क लागू होतात काय, हा प्रश्न प्वेर्त रीकोसंबंधीच्या डाउन्स विरुद्ध बिडवेल खटल्यात (१९०१) सर्वोच्च न्यायालयापुढे आला. असे प्रदेश अमेरिकेच्या मालकीचे असले, तरी ते तिचे अंगभूत भाग नव्हेत, असा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी देण्यात आला. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी त्याविरुद्ध मत नोंदविले. डॉर खटल्यात (१९०४) फिलिपीन्समध्ये ज्यूरीपुढील सुनावणीचा हक्क संविधानतः अनिवार्य नाही, असे ठरविण्यात आले. १९०१ च्या राजद्रोह कायद्यान्वये युद्धस्थिती संपेपर्यंत शांततामय मार्गानेही स्वातंत्र्याचा पुरस्कार करणे गुन्हा ठरले व १९०७ मध्ये फिलिपिनो ध्वज फडकविण्यावर बंदी आली. ती १९१९ पर्यंत टिकली.

याच राजवटीने सार्वजनिक शिक्षणाचा विस्तार केला, हेही नमूद केले पाहिजे. ऑगस्ट १९०१ मध्ये टॉमस या जहाजातून सु. ५०० अमेरिकन शिक्षक आले. इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम झाले आणि १९०८ मध्ये फिलिपीन्स विद्यापीठ स्थापन झाले. आरोग्य, रस्ते व न्यायव्यवस्था यांतही सुधारणा झाल्या. १९०७ मध्ये निर्वाचित विधानसभा अस्तित्वात आली. मतदानाचा हक्क मर्यादित होता, तरीही बहुमत मिळाले ते स्वातंत्र्यवादी पक्षालाच.

स्वातंत्र्याचे वचन : स्थिर शासन स्थापन होताच फिलिपीन्सचे स्वातंत्र्य मान्य करण्याचा उद्देश १९१६ च्या जोन्स कायद्याच्या उद्देशिकेत प्रथमच नमूद झाला. शासन स्थिर आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार मात्र अमेरिकेकडेच राहिला. ही अट पूर्ण झाल्याचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सनने डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसला कळविले. पुढील वर्षी नव्या प्रशासनाने पाठविलेल्या वुड–फोर्ब्‌झ मंडळाने फिलिपिनो अद्याप स्वातंत्र्यास सिद्ध नाहीत, असा निष्कर्ष काढला. एका वर्षात देश बदलला नव्हता, परीक्षक बदलले होते. मदर इंडिया (१९२७) या पुस्तकामुळे भारतात वादग्रस्त ठरलेल्या कॅथरिन मेयो हिने तत्पूर्वी १९२५ मध्ये फिलिपीन्सवर पुस्तक लिहून तेथील स्वातंत्र्याच्या मागणीस विरोध केला होता. परतंत्र समाजाचे दोष हेच त्याच्या पारतंत्र्याचे समर्थन मानण्याची तिची विचारसरणी दोन्ही ठिकाणी सारखीच होती.

टायडिंग्ज–मॅकडफी कायद्याने (१९३४) दहा वर्षांच्या संक्रमणकाळानंतर स्वातंत्र्य देण्याचे निश्चित झाले. या निर्णयामागे तत्त्वनिष्ठेइतकीच महामंदीतील आर्थिक कारणे होती. फिलिपीन्समधून जकातीवाचून येणारी साखर व खोबरेल तेल अमेरिकन शेतकऱ्यांना नको होते. पश्चिम किनाऱ्यावर फिलिपिनो मजुरांविरुद्ध रोष होता व १९३० मध्ये कॅलिफोर्नियातील वॉट्‌सनव्हिल येथे दंगलीही झाल्या होत्या. त्यामुळे याच कायद्याने फिलिपिनोंच्या स्थलांतराची मर्यादा वर्षाला केवळ ५० ठरविली.

दुसऱ्या महायुद्धात जपानविरुद्ध अमेरिकन सैन्याबरोबर लढलेल्या बहुसंख्य फिलिपिनो सैनिकांचे निवृत्तिलाभ फेब्रुवारी १९४६ च्या कायद्याने रद्द झाले. अंशतः भरपाईची तरतूद २००९ मध्ये झाली, तोवर त्यांतील अनेकजण दिवंगत झाले होते. ४ जुलै १९४६ रोजी फिलिपीन्स स्वतंत्र झाला. तथापि त्याच वर्षी मंजूर झालेल्या बेल व्यापार कायद्याने अमेरिकन नागरिकांना देशाच्या नैसर्गिक संपत्तीच्या वापरात फिलिपिनोंच्या बरोबरीचे हक्क द्यावे लागले. युद्धहानीच्या मोठ्या भरपाया या अटीशी निगडित होत्या. १९४७ च्या करारान्वये लष्करी तळही ९९ वर्षांसाठी देण्यात आले. ही मुदत पुढे कमी करण्यात आली. सप्टेंबर १९९१ मध्ये फिलिपीन्सच्या सीनेटने नवा तळकरार नाकारला व नोव्हेंबर १९९२ मध्ये अखेरचे अमेरिकन सैन्य सुबिक येथून गेले. २०१४ च्या करारान्वये काही ठिकाणी अमेरिकन सैन्यास पुन्हा प्रवेश मिळाला.

मूल्यमापन : अमेरिकेने स्वातंत्र्यासाठी मुदत ठरवून दिली व लोकशाही संस्थांना वाव दिला, या दृष्टीने तिची राजवट समकालीन यूरोपीय वसाहतींहून वेगळी ठरते, असे काही इतिहासकार मानतात. वचनाचा उच्चार वारंवार झाल्यामुळे ते टाळणे अवघड झाले आणि फिलिपिनो नेत्यांना अमेरिकेच्याच शब्दांचा शस्त्रासारखा उपयोग करता आला, हेही खरे आहे. तथापि मूळ विसंगती त्यामुळे नाहीशी होत नाही. १७७६ च्या जाहीरनाम्यात शासितांची संमती हा जन्मसिद्ध हक्क मानला होता. फिलिपीन्समध्ये तो पात्रता सिद्ध केल्यावर मिळणारे पारितोषिक बनला आणि पात्रतेचा निर्णय शासकाकडे राहिला. ज्या तत्त्वाची अंमलबजावणी बलवानाच्या सोयीवर अवलंबून असते, ते तत्त्व न राहता केवळ त्याची मेहेरबानी होते.

बालांगीगा येथील चर्चच्या ज्या तीन घंटा अमेरिकन सैनिकांनी युद्धलूट म्हणून नेल्या होत्या, त्या डिसेंबर २०१८ मध्ये परत आल्या. फिलिपीन्सचा स्वातंत्र्यदिन मात्र तेथील शासनाने १९६२ मध्येच बदलला होता. अमेरिकेने सत्ता सोडल्याचा ४ जुलै हा दिवस वगळून, अमेरिकेने कधीच मान्य न केलेल्या कावित येथील घोषणेचा १२ जून हा दिवस राष्ट्राचा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जातो.