इ. स. ६३४ (शके ५५६)

इ. स. ६३४ : सातव्या शतकातील एक वर्ष. दख्खनच्या इतिहासात ते ऐहोळे येथील शिलालेखामुळे, तर पश्चिम आशियात खलिफापदाच्या पालटामुळे महत्त्वाचे ठरले.

ऐहोळे (जि. बागलकोट, कर्नाटक) येथील टेकडीवर रविकीर्ती या जैन कवीने जिनेंद्राचे दगडी मंदिर बांधले. आज ते मेगुती नावाने ओळखले जाते. हे नाव ‘मेलगुडी’ म्हणजे वरचे देऊळ यावरून आले.  मंदिराच्या पूर्वेकडील भिंतीवर एकोणीस ओळींची संस्कृत प्रशस्ती कोरलेली आहे. तिच्यात काळ दोन प्रकारे दिला आहे : महाभारत युद्धापासून ३,७३५ वर्षे आणि शकराजांची ५५६ वर्षे लोटली. त्या युद्धाशी जोडलेला कलियुगाचा आरंभ इ. स. पू. ३१०२ मध्ये धरला, तर दोन्ही गणना ६३४–३५ वरच येऊन मिळतात. राजाच्या राज्यवर्षावर भागवणारे लेख पुष्कळ असल्याने अभ्यासकांना ही दुहेरी नोंद मोलाची वाटते. रविकीर्तीने स्वतःची तुलना कालिदास आणि भारवी यांच्याशी केली आहे. ही आत्मस्तुती वाङ्मयेतिहासाच्या मात्र कामी आली : हे दोघे कवी ६३४ पूर्वीचे, एवढे तिने पक्के केले.

प्रशस्तीचा नायक बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी. वनवासीचे कदंब, कोकणचे मौर्य, लाट, मालव, गुर्जर, कलिंग, कोसल अशी त्याच्या विजयांची यादी आहे. पश्चिम समुद्रावरील पुरी त्याने शेकडो नौकांनिशी घेतली. उत्तरेच्या हर्ष राजाचा ‘हर्ष’ भीतीने गळाला, अशी कोटीही कवीने साधली आहे. हर्षाविरुद्धचे हे युद्ध ६३४ चे नव्हे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील अभ्यासकांनी वाचलेल्या ६१९ च्या ताम्रपटात त्या विजयाचा उल्लेख आहे. मराठी वाचकाला अधिक जवळचा उल्लेख आहे तो नव्व्याण्णव हजार गावे असलेल्या तीन ‘महाराष्ट्रकां’चा. गावांचा हा आकडा खानेसुमारीसारखा शब्दशः घेण्याजोगा नाही. पण प्रदेशाचे नाव तेव्हा रुळलेले होते, हे त्यावरून दिसते. सहा-सात वर्षांनी चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग या भागात आला. येथील लोक उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे असल्याचे त्याने लिहिले.

गंग आणि आळुप हे पुलकेशीचे अंकित झाल्याचेही लेखात म्हटले आहे. आजचा बंगळूरचा परिसर गंगांच्या प्रदेशात येत असे.  

मदिनेत ऑगस्टमध्ये पहिला खलिफा अबू बक्र निवर्तला आणि उमर गादीवर आला. त्याआधी जुलैअखेर पॅलेस्टाइनमधील अजनादैन येथे अरबांनी बायझंटाइन सैन्याचा पराभव केला होता. युफ्रेटिस नदीवर मात्र त्यांना मार बसला. पुलाच्या लढाईत इराण्यांच्या हत्तींपुढे अरबांचे घोडे बुजले आणि सेनापती अबू उबैद हत्तीच्या पायाखाली सापडला, असे अरबी इतिहासकार सांगतात. इकडे पॅलेस्टाइनमध्ये येशूचे जन्मगाव बेथलेहेम जेरुसलेमपासून अवघ्या दोन-तीन कोसांवर. पण त्या वर्षीच्या नाताळात जेरुसलेमच्या भाविकांना तेथे जाता आले नाही. वाट अरबांच्या ताब्यात असल्याचे दुःख धर्माध्यक्ष सोफ्रोनियसने आपल्या प्रवचनात मांडले. ते प्रवचन उपलब्ध आहे.

इंग्लंडच्या उत्तर भागात याच सुमारास ऑस्वाल्डने हेवनफील्डची लढाई जिंकून नॉर्थंब्रियाचे राज्य मिळवले.

चीनमध्ये तांग सम्राट तायझोंग राज्य करत होता. तिबेटच्या स्रोंगत्सेन गाम्पोचा वकील या वर्षी त्याच्या दरबारी आला. कोकोनोर सरोवराकाठच्या तुयुहुन लोकांवर वर्षअखेर मोहीम निघाली. राजधानी चांगआनच्या उत्तरेस उंचवट्यावर तायझोंगने एका महालाचे काम सुरू केले. राज्यत्याग केलेल्या पित्याला, गाओझूला, उन्हाळ्यात तेथे राहता यावे असा त्याचा बेत होता. दामिंग नावाने पुढे विख्यात झालेला महाल तो हाच. ६३५ च्या उन्हाळ्यात गाओझू वारला, तेव्हा महालाचे काम अपुरेच होते.