घुमट की शिखर? संगणकावर जुने मंदिर उभारताना

१/
चिपळूणजवळ, पेढे गावच्या डोंगरावर परशुरामाचे मंदिर आहे. भोवती जांभ्याची तटबंदी, आत देवालय आणि माथ्यावर घुमटाच्या वळणाचे शिखर. रेव्हिट किंवा आर्किकॅडसारख्या वास्तुरचनेच्या संगणकप्रणालीत हे मंदिर उभारायला घेतले, तर भिंती लवकर उभ्या राहतात. माथ्याशी पोहोचलो की हात थांबतो. प्रणालीला आधी सांगावे लागते, हा घटक कोणत्या प्रकारचा? घुमट की शिखर? आजचा थ्रेड या एका प्रश्नाविषयी.

२/
प्रथम प्रणालीचा स्वभाव पाहू. जुना नकाशा म्हणजे कागदावरच्या रेघा. आजच्या ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ अर्थात ‘बिम’ पद्धतीत रेघेची जागा वस्तूने घेतली आहे. खिडकी ही ‘खिडकी’ म्हणूनच नोंदली जाते. तिची रुंदी, उंची, साहित्य तिला जोडलेले असते. एक आकडा बदलला की आकार आपोआप बदलतो. रेव्हिटमध्ये अशा वस्तूंच्या गटाला ‘फॅमिली’ म्हणतात. एकाच मापाच्या शेकडो खिडक्या असलेल्या इमारतीसाठी ही सोय उत्तम. हाताने घडवलेल्या अलंकरणाचे काय करायचे?

३/
हे समजून घेण्यासाठी परशुराम मंदिर क्षणभर बाजूला ठेवू आणि उत्तर कोकणात, अंबरनाथला जाऊ. तेथील शिवमंदिरातील लेखावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० च्या सुमाराचा काळ आणि शिलाहार राजा मुम्मुणीचा (मांवाणीचा) उल्लेख आहे. दगडावर रिकामी जागा शोधावी लागेल इतके कोरीवकाम तेथे आहे. मात्र त्या गर्दीचे तीन प्रकार पाडता येतात, आणि प्रत्येकासाठी संगणकावरचे तंत्र वेगळे आहे.

४/
पहिला प्रकार थरांचा. मंदिराच्या पायथ्याशी खुर, कुंभ, कलश, कपोत असे थर एकावर एक चढतात. भिंतीला कितीही कोन पडले तरी थराचा उभा छेद तोच राहतो. म्हणून तो छेद एकदा अचूक काढायचा आणि भिंतीच्या वाटेने फिरवायचा. या आज्ञेला ‘स्वीप’ म्हणतात. गवंडी चुना ओला असताना पत्र्याचा साचा ओढून गलथा काढतो, त्याचीच ही संगणकावरची आवृत्ती.

५/
दुसरा प्रकार आवर्तनाचा. अंबरनाथचे शिखर भूमिज शैलीचे. चार दिशांना वर चढणाऱ्या चार लता, आणि त्यांच्या मधल्या जागांत छोट्या शिखरांच्या ओळी. वर जावे तशी ही छोटी शिखरे लहान होत जातात. येथे एकच लघुशिखर घडवायचे, त्याला आकुंचनाचा नियम द्यायचा आणि प्रती काढायच्या. नियम बरोबर असेल तर संपूर्ण शिखर त्यातून उलगडते. अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग आज उरलेला नाही; त्याची उंची किती असावी याचा तर्कही याच नियमातून करता येतो.

६/
अशी नियमबद्धता मध्ययुगीन स्थपतींना परकी होती असे समजू नये. भोज राजाच्या नावावर असलेला ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ भूमिज प्रासादांची मापे ‘भागां’त सांगतो. एक भाग ठरला की बाकी सारे त्याच्या पटीत. भोपाळजवळ भोजपूरच्या अपूर्ण मंदिराभोवती तर खडकावरच वास्तुघटकांची रेखाचित्रे कोरलेली आहेत. अॅडम हार्डी यांनी हा ग्रंथ आणि ही रेखाचित्रे एकत्र अभ्यासून २०१५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. एक आकडा बदलला की सारे बदलावे, ही कल्पना संगणकापेक्षा बरीच जुनी आहे.

७/
युरोपातही हाच धागा पकडला गेला. डब्लिनच्या मॉरिस मर्फी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘ऐतिहासिक बिम’ ही पद्धत मांडली. जुन्या इमारतीचे लेसरने मोजमाप घ्यायचे आणि अठराव्या शतकातील वास्तुनमुन्यांच्या पुस्तकांवरून तयार केलेले स्तंभ, गलथे, कमानी त्या मोजमापावर बसवायचे. म्हणजे कारागिराचा नियम ग्रंथातून घ्यायचा आणि त्याचा हात मोजणीतून. दोहोंत जेथे अंतर पडते, तेथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे. ते अंतर म्हणजे कारागिराने केलेली निवड असू शकते, भिंतीचे खचणे असू शकते किंवा नंतरची डागडुजी असू शकते.

८/
तिसरा प्रकार मूर्तींचा. प्रत्येक मूर्ती वेगळी. येथे नियम चालत नाही. सर्व बाजूंनी, एकमेकांवर चढतील अशी शेकडो छायाचित्रे घ्यायची आणि त्यांतून संगणकाला त्रिमित पृष्ठभाग जुळवू द्यायचा, ही फोटोग्रॅमेट्री. हाती येते ते लाखो त्रिकोणांचे जाळे. ते दिसते हुबेहूब, पण त्याला काही कळत नाही. नाक कोठे संपते आणि झीज कोठे सुरू होते, हे जाळे सांगत नाही. शिवाय ते इतके जड असते की संपूर्ण मंदिर असे केले तर फाइल उघडणेच कठीण.

९/
हा पेच अंबरनाथला नवा नाही. १८६८ मध्ये सरकारी आज्ञेवरून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील मंडळी तेथे गेली. त्यांनी मंदिराची मोजून रेखाटने केली, छायाचित्रे घेतली आणि कोरीवकामाचे साचे काढले. तीन साधने, तीन प्रकारची माहिती. रेखाटनात नियम येतो, छायाचित्रात एका दिवसाचा उजेड येतो, साच्यात पृष्ठभाग येतो. आजची प्रणाली ही तिन्ही एकाच फाइलमध्ये ठेवते. त्यातून मोठी सोय होते आणि मोठी फसगतही, कारण कोणती गोष्ट कशातून आली हे पडद्यावर दिसेनासे होते.

१०/
आता पुन्हा चिपळूणकडे. दक्षिण कोकणचा हाताशी असलेला दगड म्हणजे जांभा. खाणीतून काढताना तो सहज तासला जातो, हवेत पुढे घट्ट होतो. पण अंगभर छिद्रे असल्याने त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. म्हणून येथील अलंकरण लाकडात आणि चुन्यात गेले. चुन्याच्या नक्षीवर दरवर्षी नाही तरी दर काही वर्षांनी रंगाचा हात फिरतो. थरावर थर चढून पाकळीची धार बोथट होते. लेसरचे यंत्र मिलिमीटरपर्यंत अचूक मोजेल, पण ते मोजेल शेवटच्या रंगाचा पृष्ठभाग. कारागिराची रेघ त्याखाली असते.

११/
आणि आता तो अडलेला प्रश्न. परशुराम मंदिराच्या माथ्याचे नाते आदिलशाही काळापासून दख्खन आणि कोकणात रुळलेल्या घुमटकामाशी दिसते. प्रणालीतील ‘मंदिर’ संचात तो बसत नाही आणि ‘मशीद’ संचात टाकला तर देवळाचेच वर्गीकरण चुकते. अठराव्या शतकातील अनेक मराठी देवळांची हीच गत आहे: विटा, चुना, पाकळीदार कमानी, घुमटाकार माथे. बांधणाऱ्याला भार कसा तोलायचा आणि चुना कसा मळायचा हे ठाऊक होते. आपले दोन कप्पे त्याच्या कामाच्या हिशेबात नव्हते.

१२/
या मंदिराचा इतिहासही तसाच कप्पे न मानणारा आहे. त्याच्या उत्कर्षामागे ब्रह्मेंद्रस्वामी होते. पहिला बाजीराव आणि शाहू महाराजांच्या काळातील सत्पुरुष, आणि सरदारांना कर्ज देणारे सावकारही. पेढे आणि आंबडस ही गावे मंदिराला मिळाली ती जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाकडून. पुढे १७२७ च्या महाशिवरात्रीला, एका हत्तीवरून चिघळलेल्या वादात, सिद्दी सात याने याच मंदिरावर हल्ला करून ते लुटले. दान देणारेही सिद्दी आणि मोडतोड करणारेही सिद्दी. स्वामी मग साताऱ्याजवळ धावडशीला गेले.

१३/
म्हणून प्रणालीचा दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे: कोणत्या सालचे मंदिर उभारायचे? १७२७ पूर्वीचे, हल्ल्यानंतर सावरलेले, की आजचे, रंगवलेले? रेव्हिटमध्ये ‘फेज’ नावाची सोय आहे. प्रत्येक घटक केव्हा बांधला आणि केव्हा पाडला, हे त्यात नोंदवता येते. ती केली आहे चालू बांधकामासाठी, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. अट एकच: साल लिहिण्यासाठी पुरावा लागतो आणि नसेल तर रकाना रिकामा ठेवण्याचे धैर्य लागते.

१४/
सालाचा प्रश्न किती खरा आहे हे पॅरिसने पाहिले. कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्ये नोत्र दाम चर्चचे लेसरने मोजमाप घेतले होते. १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर ते अमोल ठरले. पण आगीत कोसळलेला उंच मनोरा मध्ययुगीन नव्हताच. तो व्हिओले-ल-द्यूक यांनी एकोणिसाव्या शतकात उभारलेला. मग पुन्हा काय बांधायचे यावर वाद झाला. अखेर तोच मनोरा तसाच उभारला गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च खुले झाले. मोजमापाने आकार दिला. निवड माणसांनाच करावी लागली.

१५/
चिपळूणला आगीऐवजी पाणी येते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने निम्मेअधिक गाव वेढले. १८६४ मध्ये स्थापन झालेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, आपले ‘लोटिस्मा’, २००५ पाठोपाठ पुन्हा पाण्यात गेले. परशुराम डोंगरावर आहे, त्याला पुराचे भय नाही. पण खालच्या बाजारपेठेतल्या जुन्या घरांचे खांब, तुळया, कोरीव कठडे यांना आहे. पूर जे ठेवतो ते पुष्कळदा जीर्णोद्धार नेतो: लाकूड जाते, काँक्रीट येते, भिंतींना फरशा लागतात. अशा वेळी मागे उरते ती फक्त नोंद.

१६/
आणि येथेच धोका आहे. वास्तू गेल्यानंतर संगणकावरचे प्रतिमान हाच पुरावा मानला जातो. त्यात कोणी अंदाजाने बसवलेला कळस पुढच्या पिढीला खराच वाटेल, कारण पडद्यावर अंदाज आणि मोजमाप सारखेच चकचकीत दिसतात. संगणकावरील पुनर्रचनांसाठी २००६ मध्ये मांडलेल्या आणि २००९ मध्ये सुधारलेल्या ‘लंडन सनदे’चा आग्रह याविषयीच आहे: काय पाहिले, काय ताडले आणि का, हे प्रतिमानासोबत नोंदलेले असावे.

१७/
व्यवहारात हे अवघड नाही. मोजलेल्या भागाला एक रंग द्यावा, जुन्या छायाचित्रावरून घेतलेल्याला दुसरा, तर्काने भरलेल्याला तिसरा. आवर्तनाचे घटक नियमाने उभारावेत, पण ज्या प्रती नियम मोडतात त्या सरळ करू नयेत. मूर्तींची जाळी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून मुख्य प्रतिमानात त्यांची जागा तेवढी दाखवावी. नक्षीवर रंगाचे किती थर दिसतात, याची नोंद करावी. आणि स्केचअपच्या तयार भांडारातला ‘भारतीय खांब’ उचलून कोकणातल्या घरात उभा करू नये.

१८/
राहिला तो माथा. मला वाटते, प्रकाराच्या रकान्यात ‘घुमट’ लिहू नये आणि ‘शिखर’ही लिहू नये. स्वतःची फॅमिली तयार करावी आणि तिच्यात दिसते तेवढेच भरावे: तळाचा आकार, वळणाची रेषा, उंची, साहित्य, रंगाचे थर. लोक त्याला काय म्हणतात यासाठी वेगळा रकाना ठेवावा. गावकऱ्यांच्या तोंडी तो देवळाचा कळस आहे, वास्तूच्या भाषेत घुमट आहे आणि दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. ज्या प्रणालीत दोन्ही लिहिता येत नाहीत, तिच्यात आधी रकाना वाढवावा आणि मग मंदिर उभारावे.

लेखनसीमा.