प्राचीन मिसर देशांतील अन्नवेतन

मिसर देशाच्या इतिहासाचीं पानें राजांच्या पराक्रमांनीं व देवालयांच्या वर्णनांनीं भरलेलीं आहेत. परंतु तीं कामें करणारा मनुष्य काय खात होता, हा प्रश्न आम्हांस तितकाच महत्त्वाचा वाटतो. कारण नाण्यांचें चलन नसल्यामुळें तेथें मजुरी धान्यांतच चुकविली जात असे.

थीब्ज नगरासमोर, नाईल नदीच्या पश्चिमेस, देर अल्-मदीना येथें राजांचीं थडगीं कोरणाऱ्या कारागिरांची वसाहत होती. तेथील लेखांवरून पाहतां, साधारण कारागिरास दरमहा ४ खार गहूं व १॥ खार सातू मिळत. मुकादमास एकूण ७॥ खार. ‘खार’ हें सुमारे ७६ लिटरांचें माप होय. गव्हाची भाकर व सातूची बियर, हाच नित्याचा आहार.

हा गहूं आपल्याकडील खपलीच्याच जातीचा. टरफल दाण्यास घट्ट चिकटलेलें असल्यानें तो आधीं उखळांत कांडावा लागे, मग दगडी पाट्यावर दळावा लागे. बियर अर्धवट भाजलेल्या भाकरी कुसकरून करीत, असा पूर्वीं समज होता. परंतु इ. स. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, जुन्या भांड्यांतील अवशेष सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतां, मोड आलेलें धान्य कांहीं शिजवून व कांहीं कच्चें मिसळून ती करीत असें दिसून आलें. अर्थात् ती केवळ चैनीची वस्तु नसून अन्नच होय.

हें अन्न थकलें म्हणजे काय होई, याचा पुरावा ट्यूरिन येथील वस्तुसंग्रहालयांत आहे. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षीं, म्हणजे इ. स. पूर्वीं सुमारे ११५७ सालीं, शिधा न मिळाल्यामुळें कारागिरांनीं काम टाकलें व ते देवालयांपाशीं जाऊन बसले. वस्त्र नाहीं, तेल नाहीं, मासे नाहींत, भाजी नाहीं, हें राजास व वजिरास कळवावें, अशी त्यांची मागणी त्या पपायरसांत नोंदलेली आहे. अखेर मागील महिन्याचें धान्य मिळालें; तथापि पुढेंही असेच प्रसंग आले.

याच राजानें देवालयांस दिलेल्या अफाट देणग्यांची यादी दुसऱ्या एका पपायरसांत आहे; तो ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. हे दोन्ही लेख शेजारीं ठेवूनच वाचले पाहिजेत, असें आमचें मत आहे. दुसऱ्यावरून राजाचें वैभव कळतें. पहिल्यावरून त्याच्या राज्याची खरी स्थिति कळते.