'वॉरंट चीफ': कागदावर जन्मलेला मुखिया

१/ 'चीफ'चे मूळ लॅटिन 'कापुत', म्हणजे डोके. जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. आपला 'मुख्य' जसा मुखापासून, तसाच हा. 'वॉरंट'ही त्याच वाटेने आला. त्याचा मूळ अर्थ रक्षणकर्ता, हमी देणारा; पुढे तो अधिकारपत्र असा झाला.

२/ हे दोन शब्द जोडले गेले आग्नेय नायजेरियात. तेथील बहुतेक इग्बो गावांना राजा नव्हता. निर्णय गावसभेत होत. इंग्रजांना मात्र हुकूम बजावण्यासाठी एकच माणूस हवा होता. त्यांनी निवडक व्यक्तींना वॉरंट देऊन 'नेटिव्ह कोर्टा'त बसवले. परंपरेचा मुखिया असा कागदावर घडला.

३/ नोव्हेंबर १९२९. ओलोको गावी वॉरंट चीफ ओकुगो याच्या वतीने मोजणी सुरू झाली. आता स्त्रियांवरही कर बसणार, या धास्तीने हजारो स्त्रिया उठल्या. त्यांनी चीफांची अधिकारचिन्हे, म्हणजे त्यांच्या टोप्या, परत मागितल्या. गोळीबारात ५० हून अधिक स्त्रियांचा बळी गेला.

४/ त्यानंतर काही वर्षांतच ही व्यवस्था मोडीत निघाली. ज्या शब्दाचा मूळ अर्थ रक्षणकर्ता, त्याच्यापासूनच रक्षण मागण्याची वेळ त्या स्त्रियांवर आली होती.