कॉलीचं औषध

आमच्या नात्यात आता तीन घरांत कुत्री आणि दोन घरांत मांजरं आहेत, त्यामुळे हा हिशेब मला वरचेवर ऐकू येतो : माणूस साठ किलोचा, कुत्रा पंधरा किलोचा, म्हणजे आपल्या गोळीचा पाव तुकडा त्याला. मांजर चार किलोचं, त्याला नखाएवढी. त्रैराशिक म्हणून उत्तर अगदी बरोबर, मी पूर्ण गुण दिले असते. पण औषधाला त्रैराशिक लागू पडत नाही. हे कळायला माणसाला किती वर्षं लागली, त्याचा इतिहास मोठा वाचनीय आहे. सनावळ्यांचा कंटाळा असणाऱ्यांनी थोडी कळ काढावी, जन्मभर इतिहास शिकवल्यावर ती सवय आता सुटणार नाही.

गोष्ट सुरू होते जपानात. टोकियोच्या कितासातो संस्थेतले सातोशी ओमुरा जातील तिथली माती पिशवीत घालून आणत. १९७० च्या दशकात शिझुओका प्रांतात, इतो शहरातल्या एका गोल्फच्या मैदानाजवळून त्यांनी अशीच माती उचलली. तिच्यात एक सूक्ष्मजीव निघाला. अमेरिकेत मर्क कंपनीत विल्यम कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जंत झालेल्या उंदरांवर वापरून पाहिला, तर जंत गेले! त्यातूनच तयार झालं आयव्हरमेक्टिन. १९८१ साली ते जनावरांसाठी बाजारात आलं. गाई, मेंढ्या, घोडे यांचे जंत आणि खरजेचे किडे एकाच औषधाने जाऊ लागले. पुढे माणसांनाही त्याचा उपयोग झाला. आफ्रिकेत नदीकाठच्या माशीमुळे अंधत्व आणणारा एक रोग आहे, त्यासाठी १९८७ पासून कंपनीने ते फुकट द्यायला सुरुवात केली. २०१५ साली या दोघांना नोबेलही मिळालं. एवढं गुणी औषध.

आता गोठ्यात बाटली आहे आणि दारात खाजवणारा कुत्रा आहे, तर माणूस काय करणार? गुरांचं प्रमाण दर किलोला २०० मायक्रोग्रॅम. त्याच हिशेबाने लोकांनी कुत्र्यांना दिलं आणि बहुतेक कुत्र्यांना ते सोसलं. पण कॉली जातीच्या कुत्र्यांचं भलतंच होऊ लागलं. (कॉली म्हणजे 'लॅसी' सिनेमातली ती लांब नाकाची, केसाळ कुत्री. १९४३ च्या त्या सिनेमात लॅसीचं काम खरं तर एका नर कुत्र्याने केलं होतं, पण ते असो.) बाहुल्या मोठ्या होत, लाळ गळे, पाय लटपटत, काही दिसेनासं होई, मग बेशुद्धी. कितीतरी कुत्री गेली. १९८० च्या दशकातच पशुवैद्यांच्या हे लक्षात आलं आणि इंग्रजी मुलुखात एक यमक रूढ झालं. त्याचा अर्थ असा की पाय पांढरे असतील तर हे औषध देऊ नका. म्हणजे नियम मिळाला, कारण काही कळलं नाही. आपल्या आजीच्या औषधांच्या पथ्यांसारखंच.

कारण सापडलं ते एका अपघातातून, आणि मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात आवडतो. ॲमस्टरडॅमच्या कर्करोग संशोधन संस्थेत काही उंदीर मुद्दाम असे तयार केले होते की त्यांच्यात एक विशिष्ट प्रथिन बनतच नव्हतं. कर्करोगाची औषधं काही पेशींवर का चालत नाहीत, हा त्यांचा विषय होता. उंदरांना किडे झाले म्हणून पिंजऱ्यांत साधं आयव्हरमेक्टिन फवारलं, तर हे खास उंदीर पटापट मेले. शेजारचे साधे उंदीर ठणठणीत. तपासल्यावर कळलं की हे प्रथिन म्हणजे मेंदूच्या दारावरचा पहारेकरी. नको ते औषध आत शिरलं की तो त्याला बाहेर ढकलतो. पहारेकरीच नाही म्हटल्यावर ते उंदीर या औषधाला जवळजवळ शंभरपट नाजूक झाले होते. हे १९९४ साली छापून आलं.

मग २००१ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात कट्रीना मीली यांच्या गटाने कॉली कुत्र्यांत तेच जनुक तपासलं. त्यातली चार अक्षरं गळालेली निघाली. चार अक्षरं गळाली की पुढची सगळी ओळ चुकीची वाचली जाते आणि प्रथिन अर्धवट राहतं. पायाच्या रंगाचा याच्याशी काही संबंध नव्हता. २००४ साली आणखी एका अभ्यासाने दाखवलं की हा दोष वेगवेगळ्या नऊ जातींत आहे, आणि तो एकाच पूर्वजाकडून आला आहे. १८७३ साली इंग्लंडात केनेल क्लब निघाला आणि जातींच्या वंशावळ्या लिहिणं सुरू झालं. त्याच्याही आधी ब्रिटनमध्ये मेंढरांमागे धावणारा कुठला तरी एक कुत्रा! व्हिक्टोरिया राणीला कॉलींचं वेड लागलं, जात मिरवू लागली आणि तिच्याबरोबर ती चार गळालेली अक्षरंही घरोघर गेली.

मांजराची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे दोष एखाद्या जातीत नाही, साऱ्या मार्जारकुळात आहे. पॅरासिटॅमॉल आपण १९५० च्या दशकापासून बिनघोर घेतो, कारण आपलं यकृत ते एका ठरावीक वाटेने निकामी करून बाहेर टाकतं. मांजरात त्या वाटेचं जनुकच मोडलेलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या मांसावर जगणाऱ्या प्राण्याला वनस्पतींची विषं पचवायची गरज पडली नाही, म्हणून ते गेलं असावं असं शास्त्रज्ञ मानतात. परिणाम असा की आपल्या तापाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या मातकट होतात, तोंड सुजतं. लगेच दवाखान्यात नेलं तर उतारा आहे. "अर्धीच दिली होती" हे वाक्य तिथल्या डॉक्टरांना नवीन नसतं.

कॉली आपल्याकडे फारशी दिसत नाही, मग आपल्याला काय, असं कोणी म्हणेल. तर हाच दोष काही जर्मन शेफर्डमध्येही सापडतो, म्हणजे आपण ज्याला आल्सेशियन म्हणतो आणि जो आमच्या गल्लीतच दोन बंगल्यांत आहे. अशा कुत्र्याला माणसाची जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळीही बाधू शकते, कारण तिलाही तोच पहारेकरी अडवतो. इतकंच काय, नुकतंच जंताचं औषध दिलेल्या घोड्याची लीद खाऊनही कुत्री आजारी पडली आहेत. आणि तरीही आयव्हरमेक्टिन कुत्र्यांसाठी वर्ज्य नाही. हृदयातल्या जंतांपासून बचावासाठी त्यांना ते महिन्यातून एकदा देतात, पण दर किलोला फक्त ६ मायक्रोग्रॅम. एवढं कॉलीलाही सोसतं. गुरांच्या बाटलीतून हे प्रमाण घरी कोण मोजणार?

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिच्याकडे ऑस्ट्रेलियन शेफर्ड आहे, तीही त्या नऊ जातींतलीच. मी फोनवर हे सगळं पाल्हाळ लावलं तेव्हा ती हसून म्हणाली, "मामा, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून पाठवली होती केव्हाच." दोन प्रतींपैकी एक खराब निघाली. तिच्या डॉक्टरांनी फाईलच्या पहिल्याच पानावर ते लाल अक्षरांत लिहून ठेवलंय, आणि तिने एक प्रत फ्रिजवर चिकटवली आहे, कुत्र्याला सांभाळायला येणाऱ्या मुलीसाठी.