वस्तरा खाली ठेवणारे हात

१८९० च्या सुमारास सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला. दुसऱ्याच्या सन्मानासाठी लढलेल्या या हातांच्या कातडीचा विचार कोणी केला?

आज पनवेलच्या सलूनमधला कारागीरही दिवसभर पाणी, शाम्पू आणि केसांचा रंग हाताळतो. काळ्या रंगातल्या पीपीडी रसायनाने आणि सततच्या ओलाव्याने खाज सुटते, भेगा पडतात, इसब होतो. उपाय साधे आहेत: नायट्रिलचे हातमोजे एकदाच वापरा, केस आधी कापा, मग रंगवा, हात कोरडे करून मलम लावा.

हे शिकवणार कोण? महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने कायदा कमी कामगारांच्या लहान दुकानांना जवळजवळ मोकळे सोडतो. मित्रांनो, तेव्हा संघटनेने वस्तरा खाली ठेवायला शिकवले. आता संघटनेनेच हातमोजे घालायला शिकवावे आणि त्यांचा खर्च मालकाकडून हक्काने घ्यावा.

जय भीम!