बुगीचे कूळ आणि मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असा आपल्याकडे दंडक आहे. गाण्याच्या ठेक्याला मात्र ही सवलत देण्याचे कारण नाही. २०२३ च्या ऑक्टोबरपासून २०२४ च्या मार्चपर्यंत जपानच्या 'एनएचके' या प्रसारण संस्थेने सकाळच्या पंधरा मिनिटांत 'बुगी वुगी' नावाची मालिका दाखवली, आणि पाऊणशे वर्षांपूर्वीचा तो उल्हसित ठेका नातवंडांच्या कानी पडला; तेव्हा या ठेक्याचे दप्तर उलगडून पाहणे उचित ठरेल.

त्याचे मूळ घर अमेरिकेच्या दक्षिण मुलखात, टेक्सासकडील लाकूडतोड्यांच्या आणि लोहमार्गावरील मजुरांच्या वस्त्यांत. तेथील कृष्णवर्णीय वादकांचा डावा हात पियानोवर एकेका आवर्तनात आठ ठोके अविश्रांत घालीत राही, उजवा त्यावर मनसोक्त बागडे. आणि ऐकणाऱ्यास आगगाडीच्या चाकांचा भास होई. पाइनटॉप स्मिथच्या १९२८ मधील ध्वनिमुद्रिकेने या वादनाचे 'बुगीवुगी' हे नाव सर्वतोमुखी केले.

जपानात हा ठेका रुजवला तो ओसाकाच्या हात्तोरी र्‍योइची या संगीतकाराने. युद्धकाळात जाझ हे शत्रूचे संगीत ठरून त्यावर बंदीचे फर्मान निघाले होते. हात्तोरीची आवडती गायिका कासागी शिझुको रंगमंचभर नाचत गाई, म्हणून तिने तीन शाकूंच्या, म्हणजे जेमतेम तीन फुटांच्या, चौकटीबाहेर पाऊल टाकू नये, अशी ताकीद पोलिसांनी दिली. हात्तोरीने मात्र १९४५ मध्ये, जपानी अंमलाखालील शांघायच्या एका जलशात, या निषिद्ध ठेक्याचा प्रयोग हळूच करून घेतला.

१९४७ च्या मे महिन्यात कासागीचा प्रियकर क्षयाने गेला, आणि अवघ्या काही दिवसांनी तिला मुलगी झाली. तिला पुन्हा उभे करील असे गाणे हात्तोरी शोधीत असता, टोकियोच्या चुओ मार्गावरील आगगाडीत, छतापासून लोंबणारा चामडी पट्टा धरून उभ्याउभ्याच, चाकांच्या खडखडाटात त्याला ती चाल गवसली; निशी-ओगिकुबो स्थानकावर उतरून समोरच्या कॉफीगृहात तो शिरला आणि कागदी रुमालावर त्याने स्वरलिपी उतरवली. ज्या खडखडाटाशी टेक्सासात या ठेक्याचे नाते जुळले होते, त्यानेच टोकियोत त्याला दुसरा जन्म दिला. सप्टेंबरातील ध्वनिमुद्रणास शेजारचे अमेरिकन सैनिक गर्दी करून आले, आणि १९४८ च्या जानेवारीत 'टोकियो बुगीवुगी' बाजारात आले.

मग बुगींची रीघच लागली. कुरोसावाने त्याच वर्षीच्या आपल्या चित्रपटासाठी 'जंगल बुगी'चे शब्द स्वतः लिहिले. १९५० च्या 'खरेदी बुगी'त तर ओसाकाची ठसकेबाज बोलीच नाचू लागली. या गाण्यांचा आनंद निश्चिंत माणसांचा नव्हे. भस्मसात झालेल्या नगरात रांगा लावून तांदूळ मिळवणाऱ्यांनी, आणि कडेवर पितृहीन मूल असलेल्या स्त्रीने, हट्टाने कमावलेला तो आनंद आहे.

पुढे कासागीने गाणे सोडून अभिनय पत्करला, आणि एका पिढीने तिला दूरचित्रवाणीवर भांडी लख्ख करणाऱ्या द्रावणाची शिफारस करणारी प्रेमळ मावशी म्हणूनच पाहिले. 'बुगी वुगी' मालिकेने त्या मावशीला तिचे पाय परत दिले. आणि मालिकेचे पार्श्वसंगीत रचले हात्तोरी ताकायुकीने, म्हणजे त्या कागदी रुमालाच्या धन्याच्या सख्ख्या नातवाने.